प्रशिक्षण आहे, खोली कुठे आहे?

पालघर जिल्ह्यातल्या तरुणांना कामाचे प्रशिक्षण मिळत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. सरकारी आयटीआय आहेत. केंद्राची कौशल्य विकास योजना २०१५ पासून चालू आहे आणि तिची चौथी आवृत्ती निघाली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते राज्यात एकाच दिवशी ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. गावोगाव ती ‘लाडका भाऊ’ या नावानेच ओळखली जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राची इंटर्नशिप योजना आली. या सगळ्यांच्या आधीपासून, १९६१ पासून, शिकाऊ उमेदवार कायदा आहेच. आता वाढवण बंदराच्या निमित्ताने नवे अभ्यासक्रम आणि नव्या नोंदण्या सुरू आहेत. ज्या जिल्ह्याचा जन्मच १ ऑगस्ट २०१४ चा, त्याच्या वाट्याला दहा-बारा वर्षांत इतक्या योजना आल्या हे कमी नाही.

आणि तरी सकाळी बोईसर स्टेशनाबाहेर उभे राहिले की वेगळे चित्र दिसते. डहाणू आणि विरार, दोन्हीकडच्या गाड्यांतून माणसे उतरतात, शेअर रिक्षात कोंबली जातात आणि एमआयडीसीकडे निघतात. गेटवर कंत्राटदाराचा माणूस वही घेऊन उभा असतो. तो कुणाला प्रमाणपत्र विचारत नाही. आधार कार्ड आणलेय का, बारा तास थांबशील का, आणि राहतोस कुठे, एवढेच विचारतो. शेवटचा प्रश्न सहज विचारल्यासारखा वाटतो. पण आमच्या मते या जिल्ह्यातल्या रोजगार प्रशिक्षणाचे सगळे यशापयश त्याच प्रश्नात अडकले आहे.

आधी कारखानदारांची बाजू ऐकू. बोईसरच्या या एमआयडीसीत, म्हणजे तारापूर औद्योगिक क्षेत्रात, हजारावर कारखाने आहेत. पोलाद, कापड, औषधे, रंग, रसायने असे सगळेच तिथे बनते. त्यातले मोठे कारखाने सोडले तर बरेचसे वीस-तीस माणसांवर चालतात. अशा ठिकाणी प्रशिक्षण विभाग वगैरे नसतो. बॅच इन्चार्जच शिकवणारा, तोच हजेरी बघणारा आणि रात्री पंप बंद पडला तर धावणाराही तोच. त्याच्या हाताखाली नवखा मुलगा दिला तर सहा महिने तो मुलाकडे बघणार की रिअ‍ॅक्टरकडे? शिवाय, स्थानिक मुले टिकत नाहीत, ही तक्रार इथे सर्रास ऐकू येते. आवणी आली की मुलगा गावाला गेला, गणपतीला गेला तो चार दिवस उशिरा आला, भातकापणीला पुन्हा गायब. या तक्रारीत आकस अजिबात नसेल असे नाही, पण तथ्यही आहे. जव्हार-मोखाड्याच्या घरात भात लावायला हात कमी पडतात तेव्हा मुलाने बोईसरच्या पाळीचे वेळापत्रक सांभाळावे, अशी अपेक्षा त्याच्या आईबापांचीच नसते.

मुलांची बाजूही तेवढीच खरी आहे. आयटीआयमध्ये दोन वर्षे फिटरचा ट्रेड केलेला मुलगा कानस चालवून पोलादी तुकडा काटकोनात आणायला शिकतो. एकात एक बसणाऱ्या जोड्या तो अशा घासतो की उजेडासमोर धरल्या तर फट दिसू नये. मग तो कारखान्यात येतो आणि त्याला ड्रम ढकलायला लावतात. हुद्दा हेल्पर, नेमणूक कंत्राटदाराची, आणि काही महिन्यांनी ‘ब्रेक’. ब्रेकनंतर दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर तेच काम. पाच वर्षांनी त्याच्या हातात कानस धरल्याची आठवण राहते, अनुभवाचा दाखला मात्र राहत नाही. अशा मुलाने गावातल्या धाकट्यांना ‘आयटीआय करू नका’ असे सांगितले तर दोष कुणाला द्यायचा?

परप्रांतीय कामगार कुशल म्हणून घेतले जातात आणि स्थानिक अकुशल म्हणून मागे राहतात, हे गृहीतक दोन्ही बाजूंनी वापरले जाते आणि ते बरेचसे चुकीचे आहे. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला मुलगा अनेकदा आपल्या मुलाहून जास्त शिकलेला नसतो. फरक एवढाच की तो सालवड, पास्थळ, खैरापाडा, अवधनगरच्या एखाद्या खोलीत आठ-दहा जणांत राहतो. खोली बरेचदा कंत्राटदारानेच बघून दिलेली असते. पाळी सुटली की त्याला जायला दुसरे ठिकाण नसते, म्हणून तो दुसरी पाळीही करतो. त्याचे हे राहणे काही हेवा करण्यासारखे नाही. पण गेटवरच्या माणसाच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असते. मोखाड्याच्या मुलाकडे ते नसते. मोखाडा ते बोईसर हे अंतर जव्हार, विक्रमगड, मनोर अशा वाटेने नव्वद-शंभर किलोमीटर भरते. त्या बाजूला रेल्वे नाही. रोज जाऊन-येऊन पाळी करणे अशक्य, आणि बोईसरात खोली घ्यायची तर अनामत रक्कम, भाडे, खानावळ आणि महिन्यातून एकदा-दोनदा घरी जाण्याचे एसटीभाडे.

आता योजनांमधले पैसे बघा. मुख्यमंत्री योजनेत बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार पाच ते नऊ हजार ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने त्यात ३६ टक्के वाढ करावी अशी शिफारस केली, कारण पाच-सहा वर्षांत महागाईने त्या रकमेत काही ठेवले नव्हते. केंद्राच्या इंटर्नशिपमध्ये महिना पाच हजार आणि सुरुवातीला एकरकमी सहा हजार. पालघर शहरात किंवा माहीम-केळव्याच्या पट्ट्यात घर असलेल्या मुलाला, सायकलवर वा लोकलने जाणाऱ्याला, ही रक्कम हातखर्चाला पुरते आणि घरालाही थोडा हातभार लागतो. जव्हारच्या मुलाला तीच रक्कम खोली आणि डब्यातच संपते. वर घरचा एक कमावता हात गेला तो वेगळा. दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर कुटुंब जाते तेव्हा मुकादम आधी उचल देतो. विद्यावेतन महिना भरल्यावर, कधी त्याहूनही उशिरा, खात्यात येते. पोटाच्या हिशेबात उचल जिंकते. त्यात नवल काही नाही.

म्हणजे एकच योजना, एकच रक्कम, पण किनाऱ्यावरच्या तालुक्यात ती संधी ठरते आणि डोंगरातल्या तालुक्यात तोट्याचा सौदा. जिल्ह्याच्या सरासरीत हे दिसत नाही. आठ तालुक्यांचा एकत्रित आकडा काढला की वसई आणि पालघर मोखाड्याला झाकून टाकतात.

मुख्यमंत्री योजनेवर टीका करणे सोपे आहे. निवडणुकीच्या तोंडावर आली, आधी सहा महिन्यांची होती, मग अकरा महिन्यांची केली, आणि मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले. सरकारी कार्यालयांत मोठ्या संख्येने मुले बसली. त्यांनी तिथे काम शिकले की रिक्त पदांचा भार वाहिला, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एक गोष्ट आम्ही या योजनेच्या पदरात टाकू. विक्रमगड किंवा तलासरीच्या मुलीला रात्रपाळीसाठी बोईसरला पाठवायला घर तयार नसते. तिला तालुक्याच्या ठिकाणी, पंचायत समितीत किंवा ग्रामीण रुग्णालयात, अकरा महिने संगणकावर बसायला मिळाले, पत्रव्यवहार कसा होतो ते कळले, पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात पैसे आले, तर त्याला वाया गेलेला खर्च म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण अशी की हे शिक्षण तिथेच थांबते. अकरा महिन्यांनंतर तिच्या हातात जे प्रमाणपत्र येते, त्यावर कुठल्या खासगी आस्थापनेने विश्वास ठेवावा याचे कारण त्या कागदावर नसते.

याच योजनेची दुसरी बाजूही पाहायला हवी. पदवीधराला कार्यालयातल्या टेबलावर दहा हजार आणि कारखान्यात शिकाऊ म्हणून किमान नऊ हजार. आयटीआय झालेल्याचे दोन्हीकडे जवळपास सारखेच. घराजवळ, पंख्याखाली, पाळीविना मिळणारे पैसे सोडून वायूचा वास येणाऱ्या शेडमध्ये कोण जाईल? सरकारने एका हाताने कारखान्यातली शिकाऊ जागा पुढे केली आणि दुसऱ्या हाताने तिच्याशीच स्पर्धा लावली. हा हेतूचा दोष नसेल, पण रचनेचा नक्की आहे.

शिकाऊ उमेदवार कायदा मात्र जितका वापरायला हवा तितका वापरला जात नाही. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारही त्या मोजणीत धरायचे असतात. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दीड हजारांपर्यंत, केंद्र सरकार देते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांच्या डोक्यावरची तुरुंगाची टांगती तलवार काढली आणि दंड ठेवला: पहिले तीन महिने दर रिकाम्या जागेमागे महिना पाचशे रुपये, पुढे हजार. तुरुंगाची भीती घालून कुणी शिकवत नाही, म्हणून ती काढली हे योग्यच झाले. पण शिकाऊ ठेवण्यापेक्षा दंड भरणे स्वस्त पडेल असा दंड ठेवणे म्हणजे कायदा ऐच्छिक करून टाकणे.

कामगार संघटनांचा आक्षेपही हलका नाही. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो. त्याला नोकरीत घेण्याचे बंधन मालकावर नसते. त्यामुळे शिकाऊ म्हणजे वर्षाला बदलणारा स्वस्त हात, असे व्हायला वेळ लागत नाही. हे होते. तरीही आम्ही शिकाऊ पद्धतीच्याच बाजूने कौल देऊ, आणि त्याचे कारण याच परिसरात आहे. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १९६९ पासून वीज देतो. तिथे आयटीआय झालेल्या शिकाऊंची भरती होते, आणि स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून घेतलेल्यांना प्रशिक्षण केंद्रात शिकवून मग संयंत्रावर उभे केले जाते. शिकण्याचा काळ ठरलेला, परीक्षा ठरलेली, यशस्वी झालात तर पद ठरलेले. प्रकल्पग्रस्तांच्या तक्रारी कितीही रास्त असोत, अक्करपट्टी आणि पोफरणचे पुनर्वसन कितीही रेंगाळलेले असो, प्रशिक्षणाची ही रीत नीट आहे यावर फारसे दुमत ऐकू येत नाही. सरकारी उपक्रमाला ते परवडते, तीस माणसांच्या कारखान्याला नाही, हे मान्य. मग दहा कारखान्यांनी मिळून करावे.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या टोकाचे. चिंचणी, वरोर या किनाऱ्यावरच्या गावांत घरोघरी डाय बनवण्याचा धंदा आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीने नक्षी कोरायची. त्या साच्यात सोन्या-चांदीचा पत्रा दाबला की दागिन्याचा तुकडा तयार. भिंगाखाली मान वाकवून बसलेला कारागीर, शेजारी वर्षभर नुसत्या रेघा मारणारा पोरगा, आणि त्याच्या रेघेवर अंगठ्याचे नख फिरवून ‘पुन्हा कर’ म्हणणारा उस्ताद. इथे कुठले पोर्टल नाही, विद्यावेतन नाही. पण शिकलेला पोरगा उपाशी राहत नाही, कारण ज्याच्याकडे शिकला त्यालाच त्याच्या हाताची गरज असते. शिकवणारा आणि काम देणारा एकच असला की प्रशिक्षण सहसा फसत नाही. या पद्धतीचे गुणगान फार करायला नको. मान आणि डोळे लवकर जातात, मुलींना तिथे जागा कमी, आणि ज्याची ओळख नाही त्याला उस्ताद मिळत नाही. मोखाड्याच्या वारली मुलाला चिंचणीत कोण बसवून घेणार? म्हणून सरकार लागते.

प्रशिक्षण देणारा एक, काम देणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा असला की काय होते ते केंद्राच्या कौशल्य योजनेने दाखवले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आलेल्या कॅगच्या अहवालानुसार तपासलेल्या नोंदींपैकी बहुसंख्य प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याचा रकाना रिकामा होता किंवा त्यात निरर्थक आकडे भरलेले होते. ज्याचे खातेच नोंदीत नाही त्याला पुढे काम मिळाले की नाही, हे कुणी कसे शोधणार? संस्थेला पैसे प्रशिक्षणार्थींच्या संख्येवर मिळत असतील तर ती संख्याच तयार करणार. यात कुणा एका संस्थेला झोडपण्यात अर्थ नाही. मोजपट्टीच चुकीची दिली होती.

तारापूरबाबत आणखी एक मुद्दा आहे आणि तो टाळून कुठलेही प्रशिक्षण धोरण बनू शकत नाही. ११ जानेवारी २०२० ला इथल्या एका रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाने आठ जीव घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यातल्या वायुगळतीत चार कामगार गेले. मधल्या काळातल्या लहान-मोठ्या घटना वेगळ्याच. प्रत्येक वेळी चौकशी, भरपाई, काही दिवसांचा संताप. प्रशिक्षणाच्या चर्चेत मात्र हा विषय येत नाही. रासायनिक कारखान्यासाठी आयटीआयमध्ये खास ट्रेड आहेत: अटेंडंट ऑपरेटर, म्हणजे सगळे ज्याला एओसीपी म्हणतात तो, आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मेन्टेनन्स मेकॅनिक, लॅब असिस्टंट. एओसीपी शिकलेल्या मुलाला ठाऊक असते की टाकीत उतरण्याआधी आतला प्राणवायू मोजायचा, परमिटवर सही झाल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, सोबती बेशुद्ध पडला तर मास्क लावल्याशिवाय त्याच्यामागे उडी टाकायची नाही. वायू सुटला तर आधी खांबावरची कापडी नळी कुठल्या दिशेला फुगली आहे ते बघायचे आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने पळायचे. वाऱ्याबरोबर पळाले तर ढगही बरोबर येतो. काल गेटवरून उचललेल्या हेल्परला यातले काही सांगितलेले नसते. तो आपल्या माणसाला वाचवायला टाकीत उतरतो आणि एकाचे तीन होतात.

इथे शिकलेला कामगार महाग पडतो ही तक्रार गळून पडायला हवी. ज्या कामात एक चुकीचा व्हॉल्व्ह उघडल्याने शेजारचे गाव हादरते, त्या कामावर प्रमाणपत्र नसलेला माणूस ठेवणे ही काटकसर नाही. लहान कारखान्यांच्या अडचणी आम्ही वर मांडल्या आणि त्या खऱ्या आहेत. पण या एका बाबतीत त्यांना सूट देता येणार नाही. रिअ‍ॅक्टरवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला, मग तो कंत्राटदाराचा का असेना, सुरक्षिततेचे ठरावीक तासांचे शिक्षण झाल्याचा पुरावा असावा आणि तो त्याच्या नावावर राहावा, कंत्राटदाराच्या नव्हे. ब्रेक मिळाला तरी तो कागद त्याच्याबरोबर पुढच्या गेटवर जाईल. परप्रांतीय-स्थानिक हा वाद या नियमाला लागूच होत नाही, कारण वायू दोघांनाही सारखाच लागतो.

स्थानिकांच्या हक्काचे काय, असे कुणी विचारील. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयात पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० आणि इतर पदांवर ८० टक्के स्थानिक असावेत असे म्हटले आहे. पण तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिलेला. तारापूरच्या कारखान्याने चंद्रपूरचा किंवा कोल्हापूरचा मुलगा घेतला तरी आकडा भरतो. तो मुलगाही आपलाच आहे, त्याला अडवा असे आम्ही म्हणणार नाही. जिल्ह्यापुरते आरक्षण मागणाऱ्यांना आमची सहानुभूती आहे, पण त्या मागणीने गेटवरच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. टक्केवारी कागदावर ठरते आणि माणूस खोलीवरून कामाला येतो.

वाढवण बंदराने ही चर्चा तातडीची केली आहे. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष बारा लाख रोजगारांचा आकडा सांगितला गेला. बंदर व्हावे की नाही, यावर मच्छीमारांचा विरोध आणि पर्यावरणाचे प्रश्न आपल्या जागी आहेत. त्याचा निवाडा या लेखाचा विषय नाही. प्रशिक्षणापुरते बोलायचे तर दोन गोष्टी दिसतात. आधुनिक कंटेनर बंदर यंत्रांवर चालते. क्रेन, यार्ड, गोदाम, सीमाशुल्काची कागदपत्रे, ट्रेलरची देखभाल, थंड साठवण ही तिथली कामे. ती थोड्या पण नीट शिकलेल्या माणसांची असतात; आज नाव नोंदवले आणि सहा आठवड्यांत क्रेनवर बसलो, असे होत नाही. आणि बंदर पूर्ण व्हायला वर्षे लागणार, त्या मधल्या काळात काम मिळणार ते बांधकामाचे, म्हणजे पुन्हा कंत्राटदाराचे. मुलाला आज क्रेनचे स्वप्न दाखवून उद्या खडी वाहायला लावली तर तो प्रशिक्षण या शब्दावरच हसेल. उरणचा अनुभव शेजारीच आहे. तिथले जेएनपीटी बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्के जमिनीचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. सातपाटी, डहाणू, वरोरच्या मांगेला आणि कोळी घरांना ही गोष्ट ठाऊक आहे. म्हणूनच नोंदणीच्या शिबिरात तिथली माणसे खुर्चीच्या कडेवर बसतात.

सगळ्यांनी बोईसरलाच यावे असेही नाही. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याने आणि बायफ या संस्थेच्या वाडी कार्यक्रमातल्या आंबा-काजूने काही घरांचे भट्टीवर जाणे थांबवले. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात शिकलेला मुलगा आपल्या एकरभर जमिनीत राहिला तर तो बेकार धरू नये. कारखान्याच्या पाळीपेक्षा ते आयुष्य बरे, असे वाटणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. पण जमीन सगळ्यांकडे नाही आणि मोगऱ्याचा बाजारही अमर्याद नाही.

कोसबाडचे नाव निघालेच आहे तर एक जुनी गोष्ट. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या लक्षात आले होते की आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात. मुलांना दोष देत बसण्याऐवजी त्यांनी शाळाच रानात नेली, कुरणशाळा काढली. आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षणाचा हा सर्वांत शहाणा निर्णय असावा. मुलगा जिथे अडतो ती अडचण आधी दूर करायची, पाठ नंतर. आता अडचण अशी की रिअ‍ॅक्टर, लेथ किंवा क्रेन मोखाड्याच्या पाड्यावर नेता येत नाही. तेव्हा मुलालाच यंत्राजवळ आणावे लागेल, आणि आणायचे तर ठेवावे लागेल.

म्हणून आमचा निष्कर्ष नव्या अभ्यासक्रमाचा नाही. पुढची काही वर्षे या जिल्ह्यात प्रशिक्षणावर खर्च होणाऱ्या पैशातला मोठा वाटा बोईसर-तारापूरमधल्या शिकाऊंच्या वसतिगृहावर खर्च व्हावा. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘स्वयम’ योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. तीच कल्पना कारखान्यातल्या शिकाऊपर्यंत न्यावी. मुलांचे वसतिगृह आणि मुलींचे वेगळे, पाळीच्या वेळेला धरून बस, आणि आवणी-कापणीला ठरलेली रजा. ही रजा लाड म्हणून नको, वेळापत्रकाचा भाग म्हणून हवी. नाहीतरी मुले जाणारच आहेत, सांगून गेली तर बॅच इन्चार्जला बदली माणूस तरी शोधता येईल. मुख्यमंत्री योजनेतले विद्यावेतन कारखान्यातल्या शिकाऊ जागेपेक्षा जास्त असू नये. उलट धोक्याच्या आणि पाळीच्या कामाला सरकारने आपल्याकडून भर घालावी.

याला विरोध होईल. वसतिगृह बांधले की कारखानदारांना आयती स्वस्त फौज मिळेल, सरकार त्यांच्या नफ्याला अनुदान देत आहे, असे म्हटले जाईल. यात खोटे काही नाही. त्यावर उपाय एकच: वसतिगृहातली जागा त्याच कारखान्याच्या शिकाऊला मिळावी जो गेल्या वर्षीच्या शिकाऊंपैकी निम्म्यांना तरी कायम किंवा किमान थेट नोकरीत घेतो. घेतले नाही तर पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याला. पाचशे रुपयांच्या दंडापेक्षा याचा धाक जास्त राहील. दुसरा आक्षेप गावातून येईल: मुले बोईसरला राहिली की बिघडतात. दहा जणांच्या भाड्याच्या खोलीत राहिलेली मुले जितकी बिघडतात त्याहून जास्त देखरेखीच्या वसतिगृहात बिघडणार नाहीत, एवढेच यावर सांगता येईल.

हे काम एका खात्याचे नाही. जागा एमआयडीसीकडे आहे, कारखाने ‘टिमा’ या कारखानदार संघटनेकडे आहेत, मुले जव्हार आणि डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या यादीत आहेत, आणि पैसे कौशल्य विभागाकडे. या चौघांना एका टेबलावर बसवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. पुढच्या आयटीआय प्रवेशाआधी त्यांनी तो वापरावा आणि बैठकीत आधी एकच यादी मागावी: गेल्या वर्षी या जिल्ह्यात ज्यांना प्रशिक्षण दिले त्यांच्यापैकी प्रत्येक तालुक्यातले किती जण आज, बारा महिन्यांनी, शिकलेल्या कामावर आहेत. ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावावी. मोखाड्याच्या रकान्यात जो आकडा येईल, त्यावर वसतिगृह किती खाटांचे बांधायचे ते ठरवावे.